पॉइन्यंट आणि पंक्चर

प्रश्न : इंग्रजी लेखांत, सिनेमाच्या परीक्षणांत 'पॉइन्यंट' हा शब्द सारखा भेटतो. डिक्शनरीत 'हृदयस्पर्शी' दिलंय, पण मग टचिंग आणि हा एकच का? आणि 'पॉइग्नंट' म्हणायचं की कसं?

उत्तर : आधी उच्चाराचं मिटवून टाकू, त्यातला ग बोलायचा नाही, 'पॉइन्यंट' म्हणायचं. शब्द फ्रेंचमधून आलाय आणि तिकडे ते जी-एन एकत्र आले की न्य सारखा आवाज होतो.

आता अर्थ. डिक्शनरी चुकीची नाहीये, पण 'हृदयस्पर्शी' जरा बोथट पडतं. कारण मुळात इथे स्पर्श नाहीच, टोचणं आहे! लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे, त्यावरून जुन्या फ्रेंचमधे 'पॉइन्यंट' म्हणजे टोचणारा, आणि तिथून चौदाव्या शतकात इंग्रजीत. गंमत म्हणजे तेव्हा तो भावनांपुरता नव्हताच, चवीला वासालाही लावायचे. इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' या कथासंग्रहात एक खवय्या जमीनदार आहे, त्याचा सॉस 'पॉइन्यंट' म्हणजे झणझणीत झाला नाही तर स्वयंपाक्याची काही खैर नसायची. पुढे चवीचं खातं 'पंजंट'कडे गेलं (म्हणजे उग्र, तोही त्याच धातूचा) आणि याच्याकडे मन राहिलं. टायरचं पंक्चर पण याच घरातलं बरं का, आणि पंक्च्युअल सुद्धा, म्हणजे वेळेच्या टोकावर बरोब्बर येणारा.

टचिंगला हृदयस्पर्शी, मूव्हिंगला मन हेलावणारं, ही दोन्ही अगदी शब्दाला शब्द बसतात. पॉइन्यंटला मात्र एकच एक शब्द मला तरी सापडला नाही. 'चटका लावणारं' जवळचं आहे पण ते आपण कुणाच्या अकाली जाण्याच्या बातम्यांत इतकं वापरलंय की आता चटका बसतच नाही. 'सल' हा खरा चुलतभाऊ, कारण तो 'शल्य'वरून आलाय, शल्य म्हणजे बाणाचं टोक किंवा रुतलेला काटा, म्हणजे तिकडे लॅटिनवाल्यांना जे सुचलं तेच इकडेही सुचलं. फक्त सल आपली स्वतःची असते आणि वर्षानुवर्षं राहते, पॉइन्यंट गोष्ट दुसऱ्याची असली तरी क्षणभर टोचते.

वापरायचा कुठे? नुसतं दुःख असेल तिथे नाही. अपघात पॉइन्यंट नसतो, भयंकर असतो. पण गेलेल्या माणसाची डायरी उघडली आणि त्यात पुढच्या महिन्यात करायच्या कामांची यादी निघाली, साधीच कामं, पंखा दुरुस्त करणे वगैरे, तर ते पॉइन्यंट. गोष्ट छोटी, कुणी रडत नाहीये, आणि तरी आत कुठेतरी सुई लागते.

आणि जिथे रडारड जास्त होते, दर पाच मिनिटांनी व्हायोलिन वाजतं, तिथे इंग्रजीत 'मॉडलिन' म्हणतात, आणि ते कौतुक नाही हं! तो शब्द येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्या नावावरून आला, जुन्या चित्रांत ती बऱ्याचदा रडताना दाखवायचे म्हणून. बऱ्याच सिनेमांच्या जाहिरातीत हृदयस्पर्शी लिहिलेलं असतं ना, त्यातले निम्मे माझ्या मते या दुसऱ्या खात्यातले.