आधी उत्तर दे

अरे बाळा,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला आणि खरं सांगते, वाचता वाचता मला राग यायला लागला. आपल्या मॉर्मन चर्चबद्दल तू जे लिहिलंयस त्याचा नाही हां. विश्वास उडतो, चांगल्या चांगल्या माणसांचा उडतो, तुझ्या आईला वाटतंय तसं आभाळबिभाळ काही कोसळलेलं नाही आणि मी हे तिला फोनवर सांगितलंय. राग आला तो शेवटच्या ओळींचा. तू मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, घानात गेला होतास तिथली केप कोस्टची ती फॅमिली अजून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते एल्डर (मिशनवरच्या पोरांना म्हणतात तसं) कसे आहात, थोरलीचा रिझल्ट पाठवते, बाळाचा फोटो पाठवते, आणि तू नुसतं वाचून ठेवून देतोस, कारण काय तर "आता कुठल्या तोंडाने बोलू".

आहे त्याच तोंडाने बोल. उत्तर दे त्यांना.

तुझं म्हणणं मला कळलंय. तू त्यांना शिकवलंस, पाण्यात उतरून बाप्तिस्मा दिलास, आणि घरी येऊन वर्षभरात तुझाच त्यातून जीव उठला. आता त्यांच्याशी गोड बोलणं म्हणजे ढोंग, म्हणून आधी चर्चचं काय ते नक्की करतो आणि मग लिहितो. असंच ना? उलटं आहे हे. चर्चचं नक्की करायला तुला दहा वर्षं लागतील, लागू देत. तोवर ती माणसं काय समजतील? एल्डरला आमच्या घरचा भात चालला, मुलांनी गळ्यात पडलेलं चाललं, आणि अमेरिकेत पोचल्यावर आम्ही संपलो. हे ढोंग नाही वाटत तुला?

आणि अजून एक, जरा कडू आहे. ते तुझ्यामुळे श्रद्धावान झाले हे डोक्यातून काढ. तू ज्या गावात राहून आलास तिथला इतिहास तुला माहीत असायला हवा. 1978 च्या जूनपर्यंत आपल्या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना प्रीस्टहूड, म्हणजे धर्मविधी करायचा अधिकार, मिळत नव्हतं, घानात एक मिशनरी नव्हता, आणि तरी केप कोस्टमध्ये जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचा माणूस कितीतरी वर्षं आधीपासून बुक ऑफ मॉर्मन हा आपला धर्मग्रंथ हातात घेऊन स्वतःच्या मंडळ्या चालवत होता, सॉल्ट लेकला, चर्चच्या मुख्यालयाला, पत्रं लिहीत होता की कोणीतरी या. 1978 च्याच डिसेंबरात तिथे समुद्रात बाप्तिस्मे झाले तेव्हा शंभरावर माणसं आधीच तयार होती. पुढे 1989 ला घाना सरकारने चर्चवर बंदी आणली, परदेशी मिशनऱ्यांना घालवून दिलं, 1990 च्या नोव्हेंबरपर्यंत सभागृहं बंद. लोकांनी काय केलं? घरात बसून प्रार्थना केल्या. तुझ्या त्या फॅमिलीतल्या आजोबांच्या वयाच्या माणसाने हे सगळं पाहिलेलं असणार. त्यांचा देव एकोणीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर उभा नाहीये रे. ते तुला धर्म विचारायला मेसेज करत नाहीत, तू जेवलास का हे विचारायला करतात.

म्हणून म्हणते, उत्तर दे.

माझा हा हट्ट आजचा नाही, आणि तो का आहे हे तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही. मी मिशनवर गेले तेव्हा मुलींना एकवीस पूर्ण लागायचं आणि अठरा महिने असायचे. बाबा युटा स्टेट युनिव्हर्सिटीत शेतकी खात्यात होते म्हणून आम्ही लोगनला वाढलो, घरात देवघर, गौरी-गणपती, आणि थोरली पोरगी मॉर्मन झालेली. आईने विचारलं, तू परक्यांच्या दारात जाऊन त्यांना त्यांचा धर्म सोडायला सांगणार? मी उत्तर दिलं होतं, मोठ्या आत्मविश्वासाने दिलं होतं, पण तो प्रश्न पुढे फिलिपीन्समध्ये रोज सकाळी साडेसहाला माझ्याबरोबर उठायचा. नेग्रोस बेटावर होते मी. जिकडे बघावं तिकडे ऊस. तोडणीचा हंगाम संपला की मजुरांच्या घरात खायचे वांधे व्हायचे, त्या महिन्यांना तिथे तिएम्पो मुएर्तो म्हणतात, मेलेला काळ. आमचं मूळ गाव वाईचं, ऊस आणि ऊसतोडीच्या कोप्या मी लहानपणी सुट्टीत पाहिलेल्या, त्यामुळे मला ती घरं परकी वाटलीच नाहीत. लाईट तर तेव्हा रोजच जायचे, सगळ्या देशात विजेचा तुटवडा होता, मग मी आणि माझी दावाओची कम्पॅनियन, म्हणजे जोडीची मिशनरी, मेणबत्तीवर धडा घ्यायचो आणि त्या घरची बाई भात आणि सुकी मासळी पुढे करायची, स्वतःच्या पोरांच्या आधी आम्हाला.

घरी फोन वर्षातून दोनदा, ख्रिसमस आणि मदर्स डे. तुम्हाला 2019 पासून दर आठवड्याला बोलायला मिळतं, आम्हाला सगळं पत्रावर. आणि मला सगळ्यात नेमाने पत्र कोणाचं यायचं माहितीये? वाईच्या आजीचं. कृष्णेच्या घाटावर गणपतीला रोज जाणारी बाई, माझं मिशन तिला शेवटपर्यंत पटलं नाही, आणि पत्रात ती ते स्पष्ट लिहायची, चुलतभावाला बसवून सांगायची की लिही, तू करतेस ते मला बरोबर वाटत नाही, आणि खाली लगेच, तिकडे पाऊस फार म्हणतात, डोकं कोरडं ठेव. माझ्या एकाही पत्राला तिने उत्तर दिलं नाही असं झालं नाही. मला तिच्याकडून शाबासकी नको होती. उत्तर हवं होतं, ते ती द्यायची.

ती मी तिकडे असतानाच गेली. मिशन प्रेसिडेंटनी बोलावून सांगितलं, जायचं असेल तर जा म्हणाले, आणि मी राहिले. यावर माझ्याशी आजवर खूप लोक भांडलेत, आई तर कित्येक महिने नीट बोललीच नाही. पण मी आजही तेच करेन. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, आणि तिकडे नेग्रोसला एका घरातला बाप्या दारू सोडायच्या पहिल्या आठवड्यात होता, त्याची बायको रोज आमची वाट बघत बसायची. मी पळून गेले नाही. ज्यांना ते निष्ठुरपणाचं वाटतं त्यांना वाटू दे. हळहळ आहे ती वेगळीच, आजीचं शेवटचं पत्र ती गेल्यावर माझ्या हातात पडलं आणि त्याला उत्तर पाठवायला कोणी नव्हतं. ती हळहळ कशी असते हे मला माहितीये म्हणून तुला इतकं टोचतेय, समजलं?

त्या ऊसवाल्या घराला मी लोगनला परतल्यावर लिहीत राहिले. मग एक दिवस पाकीट शिक्के मारून परत आलं, ते लोक मळा सोडून गेले होते, ब्रँचमध्येही, म्हणजे तिथल्या छोट्या मंडळीतही, पत्ता नव्हता कोणाकडे. खूप वर्षांनी फेसबुकवर त्यांच्या धाकटीने मला शोधलं, दुबईत नोकरी करते. चर्च केव्हाच सुटलंय तिचं, कॅथलिक नवरा आहे. आई गेल्याचं तिने सांगितलं आणि पुढचं वाक्य काय, सिस्टर, तुमच्या आईची नाराजी गेली का? म्हणजे बघ, मेणबत्तीच्या उजेडात मी कधीतरी सांगितलेलं घरचं दुखणं त्या पोरीने एवढी वर्षं लक्षात ठेवलेलं, आणि मी शिकवलेले ते सहा धडे तिच्या बोलण्यात कुठेच नव्हते.

आता तू म्हणशील मावशी, तुम्ही चर्चमध्ये टिकलात, तुम्हाला सोपं आहे. टिकले, हो. दर रविवारी जाते, आणि सणाला आईला घेऊन साउथ जॉर्डनच्या गणपती मंदिरातही जाते, लोकांना जे म्हणायचंय ते म्हणू दे. तुझ्यासाठी मात्र युटा अवघड आहे हे मी मानते. इथे नोकरीच्या इंटरव्ह्यूपासून लग्नाच्या बोलण्यापर्यंत पहिला प्रश्न तोच, मिशन कुठे केलंस, आणि तू घाना म्हणालास की समोरचा खूश होऊन तुझ्याकडून एक चमत्काराची गोष्ट मागणार. नको सांगूस गोष्ट. बिशपला काय सांगायचं, वॉर्डात, म्हणजे इथल्या आपल्या मंडळीत, जायचं की नाही, आईच्या रडण्याचं काय करायचं, हे सगळं बोलू आपण, ये घरी, जेवायला ये. पण ते सगळं नंतर. त्या लोकांना ताटकळत ठेवून तुला या बाकीच्या गोष्टींवर सल्ला द्यायला माझं मन होत नाही, स्पष्टच सांगते.

आणि लिहिताना कबुलीजबाब लिहू नकोस पहिल्याच मेसेजमध्ये. चर्चबद्दल त्यांनी विचारलं तर खरं सांग, दोन वाक्यात, की माझं सध्या जाणं होत नाहीये, आणि त्यांच्या श्रद्धेला हात लावू नकोस, तिकडे जाऊन आपण पटवलं तसं आता इथून उलटं पटवायला बसू नकोस. थोरलीच्या रिझल्टचं अभिनंदन कर, पुढे काय शिकणार विचार. बाळाचं नाव विचार. आजोबांची तब्येत विचार. इतके महिने का गप्प होतास त्याचं मोठं स्पष्टीकरण नको, माझं मन ठीक नव्हतं एवढं लिही, ते समजून घेतील. पैशाची मदत मागतील अशी भीती तू आडून आडून लिहिली आहेस, मागितली आणि जमली तर कर, नाही जमली तर नाही म्हण, नाही हेसुद्धा उत्तरच आहे.

आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे तिकडे दुपार, पोरं शाळेतून यायची वेळ होत आलेली असते. उद्या ऑफिसला निघायच्या आधी लिही, आणि पाठवलंस की मला कळव, मग रविवारच्या जेवणाचं ठरवू.

तुझी,
मावशी