कंबर आधीपासून दुखत होती हे लपवलं आणि निम्मे पैसे गेले

ताई, तुमची पोस्ट सकाळी गिरणीत बसून वाचली, दळण चालू असतानाच उत्तर टाइप करतोय, त्यामुळे विस्कळीत होईल, सांभाळून घ्या. आई ५८ वर्षांच्या, साखर आहे, हाडं ठिसूळ झाल्याचं आधीच निघालेलं, रस्ता ओलांडताना कारने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या कारच्या इन्शुरन्स कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणतो "हाडं आधीचीच कमजोर, आमच्या गाडीचा काय दोष". हेच वाक्य मी माझ्या मणक्याबद्दल ऐकलंय म्हणून राहवलं नाही.

आधीच सांगतो, मी वकील नाही, पिठाची गिरणी आहे माझी. जे भोगलं तेवढंच सांगतोय, तुमच्या वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका. एफआयआर, पंचनामा वगैरे झालंच असेल, ते सोडतो. फक्त मुदत बघा, १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात क्लेम टाकायला अपघातापासून सहा महिने आहेत, आमच्या वेळी असं काही नव्हतं.

एक घोळ सगळेच करतात. मेडिक्लेममध्ये 'आधीपासूनचा आजार' असा क्लॉज असतो, वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत (आता जास्तीत जास्त ३६ महिने), ते तुमच्यात आणि तुमच्या मेडिक्लेम कंपनीत. ज्या गाडीने उडवलं तिच्या थर्ड पार्टी इन्शुरन्सला तो क्लॉज लागूच नाही, आईने त्या कंपनीची पॉलिसी घेतलीये का? समोरचा माणूस जसा असेल तसा, ठिसूळ हाडांचा असो नाहीतर पैलवान असो, धडकेने जे झालं ते गाडीवाल्याने भरायचं. हाडं ठिसूळ होती हे खरं, पण ती घरात बसल्या बसल्या मोडली नव्हती ना. कंपनी फार तर म्हणू शकते की अमुक त्रास आधीचा होता, त्याचे पैसे आम्ही देणार नाही. म्हणजे सगळा खेळ आधीचं किती आणि नंतरचं किती याचा आहे, आणि तिथेच मी आपटलो.

माझा अपघात २०१८ चा, सातारा रोडला. मेव्हण्याच्या गाडीत मागे बसलो होतो, मागून कार येऊन आदळली. एल-१ चा, म्हणजे कंबरेच्या पाच मणक्यांतला सगळ्यात वरचा मणका दबून फ्रॅक्चर. त्याआधी चारेक वर्षं माझी कंबर दुखायची, २०१४ चा एमआरआय होता, त्यात एल-४ एल-५ ची गादी सरकलेली. आता बघा, एल-१ कुठे आणि एल-४ कुठे, वेगळ्या जागा, वेगळं दुखणं. आणि कंबर दुखायची तरी मी रोज दळणाचे डबे उचलत होतो, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेत होतो, सगळी आळी बघत होती. हे सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पण वकिलाकडे ठरलेला मसुदा होता, नाव-गाव बदलायचं आणि प्रिंट मारायची. त्यात वाक्य होतं, "अपघातापूर्वी अर्जदार पूर्णपणे निरोगी व सुदृढ होते आणि त्यांना कोणताही आजार नव्हता." पुढे प्रतिज्ञापत्रातही तेच. मी म्हणालो, साहेब माझी कंबर दुखायची, तर म्हणाले ते राहू दे, सांगितलंस तर केस कमजोर होईल. मी सही केली. मराठीत होतं, वाचलंही होतं, तरी केली.

उलटतपासाच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने आवाज चढवला नाही की काही नाही. माझंच डिस्चार्ज कार्ड पुढे केलं, विचारलं हे तुम्हीच दाखल केलंय ना. म्हटलं हो. दुसऱ्या पानावर बोट ठेवलं, तिथे डॉक्टरच्या अक्षरात एक ओळ होती, 'एच/ओ लो बॅक पेन, फोर इयर्स', म्हणजे चार वर्षांपासून कंबरदुखी. अपघाताच्या रात्री डॉक्टरने पूर्वीचा काही त्रास विचारला तेव्हा बायकोने खरं ते सांगितलं होतं, त्याने लिहून घेतलं. आमच्याच फाइलीत ते कार्ड दोन वर्षं पडून होतं, मी नाही बघितलं, वकिलाने नाही बघितलं. मला घाम फुटला आणि मी म्हणालो "आठवत नाही". त्या दोन शब्दांनी उरलंसुरलं घालवलं, त्यानंतर माझ्या खऱ्या बोलण्यावरही कोण विश्वास ठेवणार.

निकालात पूर्वीचा त्रास लपवला असं आलं आणि कमाईचं नुकसान २० ऐवजी १० टक्के धरलं. हिशोब मांडतो म्हणजे कळेल. महिना १२,००० धरले (मी २०,००० सांगितले होते, कागद कुठे होते), वयाप्रमाणे कोर्ट जितक्या वर्षांची कमाई धरतं तो गुणक, वय ४६ म्हणून १३, म्हणजे १२,००० गुणिले १२ गुणिले १३, झाले १८,७२,०००. त्याचे २० टक्के ३,७४,४०० आणि १० टक्के १,८७,२००. निम्मे गेले, एका ओळीपायी. नव्वद दिवसांत हायकोर्टात अपील करता आलं असतं पण तोवर तारखांनी इतका वैतागलो होतो की नको म्हटलं. अजून राग येतो, वकिलाचा कमी, माझाच जास्त.

म्हणून आईच्या अर्जात साखर आणि हाडांचं आपणहून लिहायला लावा, आणि त्याच परिच्छेदात लिहा की हे असूनही आई अपघाताआधी काय काय करत होत्या. बाजार, जिना, पाणी भरणं, नातवंडाला शाळेत सोडणं. वारीत चालतानाचा एखादा तारखेसकट फोटो असेल तर तो शंभर शब्दांना भारी. कमावत नव्हत्या म्हणून सोडू नका, घरकामाचंही मोल कोर्ट धरतं.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडून लेखी घ्या की फ्रॅक्चर धडकेचं आहे, आणि साखरेमुळे जखम भरायला वेळ लागला असेल तर तेही लिहून घ्या, कारण ते जादा दिवसही अपघातामुळेच आले. डॉक्टर कोर्टात यायला कुरकुरतील, पण नुसत्या सर्टिफिकेटला फार वजन नाही. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमारमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपंगत्वाचे टक्के वेगळे आणि कमाईच्या नुकसानीचे टक्के वेगळे, डॉक्टरने फक्त पहिलं सांगायचं, दुसरं ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट, ठरवणार. आमच्याकडे त्या सर्टिफिकेटसाठी पाच हेलपाटे झाले, कधी शिक्का नाही, कधी साहेब नाहीत, आणि शेवटी हातात आलं त्यात जुनं-नवं वेगळं केलेलंच नव्हतं. तुम्ही त्याच वेळी विचारा, नंतर कोणी दाद देत नाही.

कंपनीचा माणूस परत आला तर चहा द्या, सही देऊ नका. जुनी फाइलही परस्पर देऊ नका, वकिलामार्फत जाऊ दे. यात लपवाछपवी नाही, काय दिलं याची नोंद राहते एवढंच.

आणि मेडिकलच्या बिलांचं एक राहिलं, त्या गुळगुळीत कागदावरची छपाई वर्षा-दोन वर्षांत उडते, माझी साक्ष आली तेव्हा अकरा बिलं कोरी पांढरी झाली होती. आजच झेरॉक्स काढून ठेवा.