मास इफेक्ट या व्हिडिओ गेममध्ये सोबत्यांचं आर्मर (चिलखत) बदलता येतं का?

येतं, पण कुठला भाग खेळताय त्यावर आहे. पहिल्यात (२००७) सगळ्यांचं आर्मर बदला. फक्त परग्रहवासी सोबत्यांना आपापल्या वंशाचंच लागतं: रेक्सला क्रोगन, गॅरसला ट्युरियन आणि टालीला क्वेरियन; लिआरा परग्रहवासी असली तरी तिला माणसांचं चालतं. सांगलीत आमच्या ग्रुपमधली पोरं अडतात ती दुसऱ्यात (२०१०). तिथं सोबत्यांचे कपडे ठरलेले; सोबत्याचं लॉयल्टी मिशन (त्याची निष्ठा मिळवायची खास मोहीम) नीट पार पडलं की आणखी एक पोशाख मिळतो. शेपर्डचं, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राचं, मात्र झकास काम आहे: नॉर्मंडी या आपल्या अंतराळयानावर आपल्या केबिनमधल्या लॉकरपाशी जा आणि हेल्मेट, खांदे, छाती, हात, पाय सुटे सुटे निवडा. प्रत्येक तुकड्याचा फायदा वेगळा, त्यामुळे नुसतं दिसण्यावर जाऊ नका. रंगही तिथंच बदलतो. तिसऱ्यात मिशनआधी सोबती निवडतानाच पोशाख निवडायचा. मला पहिल्याचीच पद्धत आवडते, गॅरसनं काय घालायचं ते आपण ठरवतो.