सांगलीच्या गावभागात नागरिक संघटना काढायची म्हणतोय. तिने नेमकं काय करायचं असतं, आणि नोंदणी लागते का?

सगळ्यात मोलाचं काम पावसाळ्याआधीचं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. 2019 ला पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. म्हणून कुठल्या वाड्यात आजी-आजोबा एकटेच राहतात, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला कुठे हलवायचं, हे गल्लीवार वहीत आधीच लिहून ठेवा. तळमजल्यावरचं सामान माळ्यावर चढवायला येणाऱ्या पोरांची नावंही त्यातच. कोयनेतून विसर्ग वाढला की वही घेऊन घरोघर जायचं. पाणी दारात आल्यावर माणसं शोधायला वेळ मिळत नाही.

बाकी वर्षभर गटारं, पथदिवे, घंटागाडी. महापालिकेत अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या.

वर्गणी, बँक खातं हवं असेल तर नोंदणी कराच. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान 7 सदस्य लागतात, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. पण त्यासाठी वही अडवू नका.

आणि भाडेकरूंना सभासद करून घ्या हो. तळमजल्यावर बहुतेक वेळा तेच राहतात.