विनोदी मित्र आणि गमतीच्या भेटवस्तूंचा धंदा

प्रश्न : माझा मित्र भन्नाट बोलतो. हळद असो की वाढदिवस, माणसं त्याच्याभोवती गोळा होतात. आम्ही दोघं मिळून गमतीच्या भेटवस्तू विकायचं म्हणतोय : छापील मग, गमतीची मानपत्रं, खोक्यात खोकं. प्रत्येकी ४० हजार घालू. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खोक्यापासून करा, कारण पहिला फटका तिथेच बसतो. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायची. ४० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात एकात एक पाच खोकी आणि शेवटी एक शेंगदाणा असेल, तर काट्यावर काहीही भरो, भाडं १२.८ किलोचं. बाहेरचं खोकं २० सेंटिमीटरचं केलं की हेच १.६ किलोवर येतं. आत तीन खोकी पुरतात.

मगासाठी सब्लिमेशनचं, म्हणजे कागदावरचा रंग उष्णतेने मगावर उतरवण्याच्या छपाईचं, कोटिंग असलेलाच कोरा मग घ्या. साध्या मगावर रंग धरत नाही. छपाई आरशातल्यासारखी उलटी, कागद उष्णता सोसणाऱ्या टेपने घट्ट, १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि साधारण तीन मिनिटं. कागद सरकला की अक्षराला सावली येते, दाब कमी पडला की कानाजवळचा भाग फिका राहतो. छापखान्याला फाइल देताना अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकारांत, बदलून द्या. नाहीतर तिकडच्या संगणकावर ‘मित्रा’ची वेलांटी म च्या पलीकडे जाते, त्र फुटतो आणि ५० मग वाया.

मित्राचं बोलणं जसंच्या तसं मगावर उतरवू नका. बोलताना तो थांबतो, आवाज बदलतो, समोरचा चेहरा बघून शब्द फिरवतो. मगावर यातलं काहीच नसतं, सहा-सात शब्दांत काम व्हावं लागतं. ओळ छापण्याआधी, तुमच्या मित्राला न ओळखणाऱ्या दहा जणांना ती फक्त कागदावर दाखवा. समजावून सांगावी लागली तर सोडून द्या.

तुमच्या यादीतली सगळ्यात दमदार वस्तू मानपत्र आहे. निवृत्तीच्या समारंभातली ती भारदस्त भाषा आपल्या कानात पक्की बसलेली असते, म्हणून क्षुल्लक गोष्टीला लावली की लगेच हसू फुटतं : ‘गेली बावीस वर्षे कार्यालयातील एसी अखंड १८ अंशांवर ठेवून सहकाऱ्यांस शाल पांघरण्यास प्रवृत्त करणाऱ्या आपणांस…’ गिऱ्हाइकाकडून टोपणनाव, एक सवय आणि ती किती वर्षांची, एवढं विचारून घ्या, मजकूर मित्र लिहील. त्याची खरी किंमत इथे आहे. ३०० जीएसएमचा जाड कागद वापरा. भारताची राजमुद्रा (अशोकस्तंभाचे सिंह) मात्र कुठेही नको, २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधन आहे. नोटेसारखी दिसणारी कुपनंही नकोत. भारतीय न्याय संहितेचं कलम १८२ त्यासाठीच आहे. रबरी पाली, साप ठेवणार असाल तर १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच माल उचला.

भेट चारचौघांत उघडली जाते हे विसरू नका. वजन, रंग, जात, मूल नसणं यांवर एकही ओळ नको. समोरचा हसतो, पण घरी जाऊन रडतो, आणि असा माल विकणं बरोबर नाही.

आता तुमच्या दोघांतला कागद. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळं लिहिलं नसेल तर नफा-तोटा निम्मा-निम्मा, आणि कामाचा पगार कोणालाच नाही. एक जण रात्री बसून पॅकिंग करतो, दुसरा ओळी लिहितो; भांडण इथूनच सुरू होतं. पॅकिंगचा दर मगामागे ठरवून करारात घाला. लिहिलेल्या मजकुराचा हक्क फर्मचा की मित्राचा, आणि ओळ नाकारण्याचा शेवटचा शब्द कोणाचा, हेही लिहा. फर्मची नोंदणी करा, नाहीतर पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावाने दावा लावता येत नाही.

प्रश्न : घरूनच असा माल विकतो, उलाढाल लहान आहे. जीएसटी लागेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फक्त वस्तू आणि त्याही महाराष्ट्रातच विकत असाल, तर वर्षाला ४० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. बेळगावला मग पाठवायचा असेल तर मात्र आधी नोंदणी करा. परराज्यातल्या विक्रीला ही सूट नाही.