'भागीदारी' की 'सहभाग'?

दादरचे एक वाचक ऑस्ट्रेलियातल्या सरकारांनी तिथल्या आदिवासी समूहांशी केलेल्या 'क्लोजिंग द गॅप' या राष्ट्रीय कराराबद्दल एका मासिकासाठी लिहीत आहेत. त्यातल्या 'पार्टनरशिप'साठी कोणता शब्द घ्यावा, असं ते विचारतात. 'भागीदारी' त्यांना दुकानदारीचा वाटतो, 'सहभाग' अधिक सोज्ज्वळ वाटतो.

माझं उत्तर: भागीदारी. आणि तो दुकानदारीचा आहे म्हणूनच.

काळबादेवीत दोघं मिळून पेढी चालवतात, तेव्हा त्या शब्दाला कायद्याचं पाठबळ असतं. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 मधलं कलम 12 जरूर वाचा. भागीदारांनी आपसात वेगळं ठरवलं नसेल तर रोजच्या व्यवहारातला मतभेद बहुमतानं सुटतो, पण निर्णयाआधी प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क असतो. धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर सगळ्यांची संमती लागते. आणि हिशेबाच्या वह्या प्रत्येकाला उघडून पाहता येतात. 'भागी'ला फारसीतला 'दार' जोडून झालेला भागीदार म्हणजे ज्याच्या हाती वाटा आहे तो.

'सहभाग'मध्येही 'भाग' आहेच, पण वापरानं त्यातला वाटा झिजला. वक्तृत्व स्पर्धेत सहभाग असतो, शिबिरात असतो, प्रभातफेरीत असतो. नियम कुणीतरी ठरवलेले असतात, आपण हजर राहतो. सरकारी मराठीत 'लोकसहभागातून बंधारा' म्हटलं की गावानं श्रमदान केलं किंवा वर्गणी दिली एवढंच कळतं. बंधारा कुठे हवा हे कुणी ठरवलं, ते त्या शब्दातून कळत नाही.

खरा फरक विभक्तीत दिसतो. आपण 'आदिवासींना सहभागी करून घेतो', पण भागीदारी 'आदिवासींशी' करतो. 'ना' लागला की समोरचा कर्म होतो आणि कर्ता एकटं सरकार उरतं. 'शी' लागला की दोन पक्ष उभे राहतात. याच 'ना'च्या कुटुंबातला, आपल्याकडे प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी ऐकू येणारा प्रयोग म्हणजे 'स्थानिकांना विश्वासात घेऊन'. ऐकायला किती मायेचा! पण त्याचा व्यवहारातला अर्थ पाहा: निर्णय झालेला आहे, तो तुम्हाला नीट सांगितला जाईल. विश्वासात घेतलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची जागा त्या वाक्यातच ठेवलेली नसते. तुमच्या लेखात हा प्रयोग कुठेही येऊ देऊ नका.

आता मूळ करार. तो 27 जुलै 2020 पासून लागू झाला. एका बाजूला देशातली सगळी सरकारं, दुसऱ्या बाजूला अबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या समूहांनी स्वतः चालवलेल्या संस्थांची आघाडी. त्यातली पहिलीच प्राधान्याची सुधारणा औपचारिक भागीदारी आणि एकत्र निर्णय ही आहे. निर्णय सहमतीनं व्हावेत आणि त्या समूहांच्या मताचं वजन सरकारांच्या मताइतकंच असावं, असं करारात लिहिलेलं आहे. हा 'सहभाग' नव्हे. 2024 मध्ये तिथल्या उत्पादकता आयोगानं, म्हणजे सरकारच्याच स्वतंत्र सल्लागार संस्थेनं, सरकारांनी ही वचनं पुरेशी अमलात आणलेली नाहीत असा निष्कर्ष काढला. म्हणून भाषांतर सौम्य करावं असं कुणी सुचवेल, तर ऐकू नका. वचन पातळ करून लिहिलं तर नेमकं काय मोडलं हेच वाचकाला कळणार नाही.

आपल्या कायद्यांतही असे शब्द चढत्या ताकदीचे आहेत, आणि भाषांतरात ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. 1996 च्या पेसा कायद्यात, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्यात, अनुसूचित क्षेत्रातल्या (राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागातल्या) भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करायचा आहे. गौण खनिजांच्या (वाळू, मुरूम वगैरे) खाणपट्ट्यासाठी त्यांची शिफारस बंधनकारक आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी 'पूर्वसंमती' आली. विचारविनिमय झाल्यावरही सरकार आपलंच करू शकतं. संमतीशिवाय पुढे जाता येत नाही. 2013 मध्येच ओडिशात, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, नियमगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. डहाणू-तलासरीतल्या पाड्याला पेसाचा आधार आहे. आरेतल्या वारली पाड्याला तो नाही, कारण मुंबई अनुसूचित क्षेत्रात येत नाही. तिथे 'चर्चा केली' आणि 'संमती घेतली' यांतली सरमिसळ जास्तच महागात पडते.

संमतीबद्दल आणखी एक. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्या जिभेवर इतकं बसलंय की 'कुणी हरकत घेतली नाही' यालाच संमती म्हटलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातली संमती याच्या अगदी उलट आहे: दबावाविना, आधी, आणि सगळी माहिती मिळाल्यावर दिलेली. तिला 'माहितीपूर्ण संमती' लिहू नका. माहितीनं पूर्ण असतो तो लेख. संमती माणसानं समजून दिलेली असते. 'समजून-उमजून दिलेली संमती' लांब आहे, पण चोख आहे.

'एकत्र निर्णय'ऐवजी शीर्षकात एकच विशेषण हवं असेल तर 'सामायिक निर्णय' घ्या. सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुणालाही 'सामायिक' म्हणजे काय हे विचारून पाहा. बाकीच्यांच्या सहीशिवाय अख्खी जमीन विकता येत नाही, हे तो लगेच सांगेल.