पंप घेण्याआधी पाणी कुठून येतं ते पाहा

प्रश्न : आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये दर जुलैत घोटाभर पाणी साचतं. दोनदा मोठे पंप बसवले. आता तिसरा घ्यावा का? (सोसायटीचे सचिव, पुणे)

पंपाचं थांबवा, आधी वही घ्या. पाऊस कधी लागला, पाणी कधी दिसलं, कधी ओसरलं, एवढंच वॉचमनला लिहायला सांगा. सर आल्यावर अर्ध्या तासात पाणी दिसलं तर बहुधा ते रॅम्पवरून येतंय. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी भिंतीच्या पायथ्याशी झिरपतंय आणि वर लोणा फुललाय, तर ते जमिनीतलं.

रॅम्पचा हिशेब करून पाहा. ६ मीटर रुंद, १५ मीटर लांब उघडा रॅम्प म्हणजे ९० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एकट्या रॅम्पवरून साडेचार हजार लिटर, मिनिटाला ७५ लिटर पाणी खाली येतं. रस्त्यावरचं पाणी आत वळलं तर हा आकडा विसराच. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा असतो, पण दर वेळी डांबराचा नवा थर पडून रस्ता वर चढतो आणि उंचवटा नावापुरता उरतो. तो पुन्हा मोजा. रॅम्पच्या तळाशी आडवी जाळीची नाली हवी, आणि ती मे महिन्यात उपसलेली हवी. गच्चीचे पाइप रॅम्पजवळ सुटत नाहीत ना, तेही पाहा.

एका सोसायटीत रात्रभर पंप चालूनही पाणी बोटभर उतरेना. पंपाचा पाइप ज्या चेंबरमध्ये सोडला होता तो तुंबलेला. तिथून उतू गेलेलं पाणी रॅम्पवरून परत खाली. पाणी तेच, वीजबिल तेवढं नवं!

पाणी जमिनीतलं असेल तर आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करून पैसे घालवू नका. मागून दाब असतो, प्लास्टर सुटतं. भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या सांध्यात ग्राउटिंग करा, म्हणजे फटींत पातळ सिमेंट किंवा रसायन दाबाने भरा. भिंतीकडेने नाली काढून ती संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, सोडा. संपमध्ये फ्लोट स्विचचे, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारे, दोन पंप, एक चालता, एक राखीव. पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. आणि जनरेटर बेसमेंटमध्येच ठेवला असेल तर तो आधी वर आणा.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो. जोराच्या पावसात नहाणीच्या जाळीतून घाण पाणी वर येतं. (मुंबई)

बाहेरची लाइन भरली की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून वर येतं, आणि ते तोंड तुमचं. मुसळधार पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकत्र आली की सखल भागांत असं होतं. प्लंबरकडून तुमच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो मिटलेला असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. नाहीतर आंघोळीचं पाणी घरातच. वरच्या मजल्यांची लाइन त्याच चेंबरमध्ये येत असेल तर आधी ती वेगळी करावी लागेल. तोवर जाळीवर आणि कमोडवर वाळूच्या पिशव्या.

प्रश्न : बेसमेंटमध्ये पाणी शिरू लागलं तर गाडी काढायला किती वेळ मिळतो?

अजिबात नाही, असंच धरून चला. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत राजेंद्रनगरच्या एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी गेले. एक मीटर रुंद दारामागे अर्धा मीटर पाणी असेल तर दारावर सुमारे सव्वाशे किलोचा दाब येतो. पाणी एक मीटर झालं की दाब चौपट, पाचशे किलो. त्यात मीटर, चार्जिंग पॉइंट, लिफ्टचा खड्डा खालीच. वरून मेन स्विच बंद करता येत नसेल तर ती सोय याच उन्हाळ्यात करा. वॉचमनलाही खाली पाठवू नका. गाडीचा विमा असतो. बुडालेली गाडी नंतर चालू करून पाहू नका, टो करून न्या.

प्रश्न : जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत पुराचं पाणी गेलं. ब्लीचिंग पावडर पुरेल का?

नाही. टाकी पूर्ण उपसा, घासा, धुऊन ते पाणीही काढा, मगच क्लोरीन. तोवर पिण्याचं पाणी टँकरचं असलं तरी उकळूनच. एकट्या माणसाला टाकीत उतरवू नका, आणि पेट्रोलचा पंप आत ठेवून तर कधीच नाही. त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो. टाकीचं झाकण जमिनीला समतल असेल तर कडा फूटभर वर बांधून घ्या.